तेच वर्ष दोनदा

सध्या साताऱ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तर एकाच दिवशी तिघांनी टाकला. सार असं: ‘आठवीपर्यंत कुणी नापासच होत नाही, म्हणून पोरांना वाचता येत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने वाचता न येणाऱ्यांना तिसरीतच बसवून ठेवलं आणि ते तळातून वर आलं. आपणही दुसरी-तिसरीतच नापास करावं. धाक असला की पोरं वाचतात. आम्ही नाही का शिकलो?’ मी झेडपीच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते. हात जोडल्याची इमोजी टाकून गप्प बसणं जमेना.

पोरांना वाचता येत नाही, हे खरं आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. पण हाच आकडा २०२२ मध्ये १६ होता आणि करोनाच्या आधी, २०१८ मध्ये, २१. म्हणजे घसरण भरून निघाली, वर थोडी भरही पडली, आणि त्या काळात तिसरीत कुणाला नापास करायची कायद्याने सोयच नव्हती.

‘आठवीपर्यंत नापासच होत नाही’ हे तर जुनं झालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं होतं. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात अडकला तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. मेसेज लिहिणाऱ्याच्या घरात पाचवीतलं मूल नसावं.

आता मिसिसिपी. कायदा २०१३ चा. त्या वर्षी चौथीच्या वाचनात ते राज्य देशात ४९ वं होतं, २०२४ मध्ये नववं. आकडे बरोबर आहेत, गाळलं ते मधलं. तिथे बालवाडीपासून तिसरीपर्यंत वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाचं वाचन तपासतात. अक्षर आणि आवाज यांची सांगड कशी घालून द्यायची याचं प्रशिक्षण शिक्षकांना दिलं. सगळ्यात मागे असलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक पाठवले, ते शिक्षकांसोबत वर्गात उभे राहायचे. तिसरीच्या परीक्षेत मूल कमी पडलं तर पुन्हा संधी, आणि तरीही थांबवलंच तर त्या मुलासाठी वेगळी योजना आणि चांगल्यातला चांगला शिक्षक. थांबवलेल्या मुलांना पुढच्या वर्गांत फायदा झाल्याचं तिथला अभ्यास सांगतो, ते मी लपवणार नाही. फ्लोरिडातही सुरुवातीला तसंच दिसलं. तिथे थांबवलेल्या मुलांना उन्हाळी वाचनवर्ग आणि रोज ९० मिनिटं वाचन कायद्यानेच ठरवून दिलं होतं. शिकागोत १९९६ पासून नापास करणं सुरू झालं, तिथे मात्र तिसरीत थांबवलेल्यांच्या वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. आपल्याला नापासाचा शिक्का तेवढा हवाय, रोजची ९० मिनिटं कोण देणार ते मेसेजमध्ये नाही.

धाकाचं म्हणाल तर कधी दुसरीच्या वर्गात येऊन बसा. एक पोरगी बालभारतीचा धडा घडाघडा म्हणते, बोट ओळीवरून बरोबर सरकतं. चित्रावर हात ठेवला की गप्प. तिला धडा पाठ आहे, अक्षर येत नाही. दुसरा ‘कमल’ वाचतो आणि ‘कर्म’ला अडतो, कारण रफार कुठे बोलायचा हे त्याला कुणी सुटं करून दाखवलेलंच नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेलं पोर दिवाळीनंतर वर्गात दिसतं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावाकडे. जतच्या सीमेवरच्या गावांत घरात कानडी आणि पुस्तकात मराठी. यातल्या कुणाचं काय भीतीने सुटणार आहे? भीतीने पाठांतर मात्र वाढतं. त्या पोरीने तेच तर केलं होतं.

‘आम्ही नाही का शिकलो?’ शिकलात म्हणून तर मेसेज टाइप करताय. माझा मावसभाऊ दुसरीत दोनदा बसला. पुस्तक तेच, गुरुजी तेच, फळा तोच; नवीन एवढंच की शेजारी धाकटी बहीण येऊन बसली. चौथीनंतर तो शाळेत गेला नाही. आज भाजीचा हिशेब तोंडी चोख करतो, बाजार समितीची पावती मात्र मुलीकडून वाचून घेतो. तो तुमच्या ग्रुपवर नाही.

मग करायचं काय? हे विचारायला अमेरिकेला कशाला जायचं? मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये ‘बालसखी’चा प्रयोग झाला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी शाळेच्या वेळात रोज दोन तास वेगळं घ्यायची, इयत्ता बाजूला ठेवून, मूल जिथे अडलंय तिथून. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत तो मोजला आणि गुण वाढल्याचं दिसलं. त्याहून जवळचं म्हणजे साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येत होते. जमिनीवर आखलेले तक्ते, हाताळायचं साहित्य, प्रत्येक मूल आपल्या वेगाने. आम्हीही गेलो होतो. येताना वहीभर उतरवून आणलं, अर्धं अजून जमलेलं नाही.

जमतं ते एवढं. जून संपायच्या आत प्रत्येकाला पुस्तकाबाहेरची चार वाक्यं वाचायला देते, एकेकट्याला, व्हरांड्यात. यंदा सात जण अडले. चौघांचं घोडं जोडाक्षरात अडलं होतं, दोघांना काना-मात्राच पक्क्या नव्हत्या. सातव्याला मी दोन आठवडे अक्षरं गिरवायला लावली, मग लक्षात आलं की त्याला फळाच दिसत नाही. त्याला चष्मा लागला.