‘हातमाग निवडलं की किंमत वाढते’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या वेबसाइटवर पैठणी साडी शोधण्यात तुमचा तासभर गेला आणि हाती काही लागलं नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. फिल्टरमध्ये ‘हिरवा’ निवडल्यावर निळ्या साड्या आल्या, ‘हातमाग’ आणि ‘६,००० पर्यंत’ निवडल्यावर पान कोरं आलं, त्याबद्दल खाली लिहितो. पण ‘हातमागाचं बटण दाबलं की तीच साडी २,८०० वरून १४,५०० ची होते, ही सरळ लूट आहे’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून रात्री घास उतरला नाही.

ताई, ती ‘तीच’ साडी नाही. त्या दोन साड्या आहेत. दोन्ही राणी रंगाच्या, दोन्हींच्या पदरावर बांगडी मोर, फोटोही एकाच भिंतीपुढे काढलेले. मोबाइलवरच्या बोटभर चित्रात त्या सारख्या दिसतात हे खरं. पण २,८०० ची आहे ती सेमी पैठणी, यंत्रमागावर विणलेली. १४,५०० ची आमच्या येवल्यात हातमागावर विणलेली. फोटो पुढे सरकवलेत तर काठाची मागची बाजू दिसेल, ती मुद्दाम दिली आहे. हातमागावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि विणकर शेजारच्या रंगाच्या धाग्यात धागा अडकवत नक्षी भरतो, म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. सेमीत मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. फिल्टर ही नुसती चाळणी आहे हो, चाळल्यानं गव्हाचा भाव वाढतो का?

आणि हा फिल्टर आम्ही कशासाठी केला तेही सांगतो. आधी आमच्याकडे सगळ्या साड्या ‘पैठणी’ या एकाच नावाखाली होत्या. लोक सेमी घ्यायचे आणि घरी कुणी जाणकार भेटलं की आम्हाला फोन यायचा. म्हणून ‘विणकाम’ हा रकाना जोडला. आमचं ऑनलाइन दुकान ज्या शॉपिफायवर चालतं, तिथे त्याला मेटाफील्ड म्हणतात. एकेका साडीपुढे तो भरावा लागतो, आणि गिऱ्हाईक कमी असलं की आमच्या घरचे गल्ल्यावर बसून तो भरतात. ‘रेशीम’ हा रकाना वेगळा ठेवला, कारण सिल्क मार्क असला म्हणजे रेशीम अस्सल एवढंच कळतं. साडी हातमागाची की यंत्रमागाची, ते त्यावरून कळत नाही. यंत्रमागावरच्या अस्सल रेशमी साडीलाही तो मिळतो. हे गिऱ्हाइकाला न सांगता विकणारे बाजारात कमी नाहीत. आम्ही दोन्ही वेगळं करून दाखवलं, तर लूट आमच्या माथी.

कोऱ्या पानाचं म्हणाल, तर एकाच रकान्यात दोन खुणा केल्या, म्हणजे समजा हिरवा आणि राणी, तर दोन्ही रंगांच्या साड्या येतात. खुणा दोन वेगळ्या रकान्यांत केल्या, तर दोन्ही अटींत बसणारीच साडी येते. हातमागाची पैठणी आमच्याकडे साडेनऊ हजारांच्या खाली नाही, म्हणून पान कोरं आलं. बंगळुरूचं रेशीम, सुरतेची जर आणि विणकराची मजुरी धरली तर सहा हजारांत आम्हाला ती देता येत नाही. कुणी देत असेल तर आधी पदर उलटून बघा, एवढंच म्हणतो. आणि त्या निळ्या साड्या मोरपंखी होत्या. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा; उजेडात धरली की हिरवी, सावलीत निळी. एका खुणेत ती बसवायची कशी, यावरून आमच्या घरातही एकमत नाही.

खरं तर रात्री साडेअकराला तुमचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तेव्हाच आमच्या मुलीनं दोन्ही साड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले होते. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही, सकाळी रिव्ह्यू आला. असो.

वेबसाइट बघणाऱ्या मुलाला सांगितलंय. मोरपंखी दोन्ही रंगांत टाकायची, ‘सेमी’ हे फोटोवरच लिहायचं, कोऱ्या पानाऐवजी जवळच्या भावातल्या साड्या दाखवायच्या, असं बघतोय. लग्नसराईच्या आत जमेल तेवढं करतो.

तारे दोनच राहू द्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण किंमत बदलते हे वाक्य तेवढं काढता आलं तर बघा; नवं गिऱ्हाईक आधी तेच वाचतं, आणि आमचं वर्षाचं गणित या दोन-तीन महिन्यांवर असतं. तुमच्या भावात सेमीमध्ये हिरव्या साड्या चांगल्या आहेत. हवं तर व्हिडिओ कॉलवर पदर उलटून दाखवतो, फक्त दुपारी चारनंतर करा, त्याआधी दुकानात दुसरं कुणी नसतं.