यंत्रातल्या मनाला हक्क द्या, सातबारा नको

माणसाचं मन यंत्रात उतरवलं तर त्याला कायद्याने माणूस मानायचं का, या वादात लोक थेट मतदानाच्या हक्कावर येतात. आधी मन उतरवायचं कसं ते बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

मेंदू रसायनाने घट्ट करायचा, सुमारे 30 नॅनोमीटर जाडीचे काप काढायचे, प्रत्येक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपायचा. हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी 2024 मध्ये माणसाच्या मेंदूच्या साधारण एक घन मिलिमीटर तुकड्याचा असा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 57,000 पेशी, त्यांच्यातले 15 कोटी जोड आणि 1.4 पेटाबाइट, म्हणजे 14 लाख गिगाबाइट, माहिती होती. अख्खा मेंदू अशा बारा लाख तुकड्यांएवढा. आणि एवढं करून हाती येतो तो नकाशाच, कुठला जोड किती जोरात काम करतो ते त्यात पुरतं कळत नाही. सी. एलेगन्स या जंताच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 मध्येच छापला गेला, तरी तो जंत संगणकात हुबेहूब जगवणं अजून जमलेलं नाही.

म्हणजे या वाटेने मूळ मेंदू उरतच नाही. जिवंत माणसावर हे केलं तर त्याची संमती असूनही तो मनुष्यवध. मेल्यानंतर केलं तर दाखला निघालेला, वारसाहक्क सुरू झालेला. फेरफार होऊन सातबाऱ्यावर मुलांची नावं चढली आणि दोन वर्षांनी यंत्रातून आवाज आला, ‘जमीन माझी आहे’, तर? जमीन मुलांचीच. तीच फाइल दोन सर्व्हरवर चालवली तर दोन्हीकडून तितक्याच खात्रीने ‘मीच तुमचा अण्णा’ ऐकू येईल. माझ्या मते ती नवी व्यक्ती आहे, अण्णांच्या आठवणी घेऊन जन्मलेली.

पण म्हणून तिला हक्कच नाहीत, हे मला अजिबात मान्य नाही. आज कायद्याच्या लेखी ती नुसता डेटा. कंपनी बुडाली की सर्व्हर पुसून विकले जातील, एक मन संपेल आणि कुणावर गुन्हाही दाखल होणार नाही. पुसण्याआधी तिच्या हजार प्रती काढून दिवसरात्र कामाला जुंपल्या, तरी अडवणारं कुणी नाही. हे मला फार भयंकर वाटतं.

वाट आपल्या कायद्यातच आहे. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, देवाच्या मूर्तीला कायद्याची व्यक्ती मानलं आणि तिची बाजू मांडायला हितसंबंध नसलेला प्रतिनिधी नेमायला सांगितलं. तसाच प्रतिनिधी इथे हवा, आणि तो त्या कंपनीचा नको. जबाबदारीही आधीच लिहून ठेवायला हवी. 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, तेव्हा पुराची भरपाई कुणी द्यायची असा प्रश्न राज्य सरकारनेच काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

मनाची फाइल आणि वीजबिलाचा निधी ट्रस्टमध्ये ठेवायला हवा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत दुसऱ्याची वस्तू कंपनीकडे विश्वस्त म्हणून असेल, तर ती कंपनीच्या देण्यांपोटी विकता येत नाही. माणूस जिवंत असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या: किती प्रती चालतील, आठवणींना हात लावायचा की नाही, पैसे संपले तर काय. पैसे संपले तर मन थांबवावं, पुसू नये, कारण थांबवलेलं पुन्हा सुरू करता येतं. आणि एकदा सुरू झालेली प्रत ‘जास्तीची’ म्हणून पुसायची मुभा कुणालाच नको, मूळ माणसाने तसं लिहून दिलं असलं तरीही.