मस्से झाले म्हणून लग्न करायचं नाही?

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. गुप्तांगावर मस्से (चामखिळी) एकदा आले की जन्मभर परत येतात, ते पुढे कॅन्सर होतात, जोडीदाराला झाले म्हणजे त्याचं बाहेर काहीतरी आहे, आणि असे मस्से झालेल्याने लग्नाचं नाव काढू नये. शेवटी चुना-सोड्याचा लेप, फुकटात.

परत येतात, एवढं खरं. डॉक्टर मस्सा जाळतात किंवा गोठवतात, पण आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत एचपीव्ही हा विषाणू राहू शकतो. त्यामुळे उपचारानंतर पहिल्या तीन महिन्यांत नवे मस्से दिसणं नेहमीचंच. त्यात डॉक्टर चुकला असं नाही, तुम्हीही नाही. पण ‘जन्मभर’ कुठून आणलं? बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत या विषाणूला इतकं दाबतं की तो तपासणीतही सापडत नाही. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा सिगारेट सुटत नसेल, तर त्रास लांबतो.

कॅन्सरचं थोडक्यात: सुमारे ९० टक्के मस्से एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुख्यतः १६ आणि १८ मुळे. म्हणजे मस्से आणणारे प्रकार सहसा कॅन्सर करणारे नसतात. एकाच वेळी दोन्ही प्रकार अंगात असू शकतात, म्हणून बायकांनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नये.

संशयाचा मुद्दा तर घरं मोडणारा आहे. लागण झाल्यावर मस्सा दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिने, कधी त्याहून जास्त. कोणाकडून आला हे मस्सा पाहून कोणीही सांगू शकत नाही. लग्नाआधीची लागण लग्नानंतर दिसू शकते.

आता लग्न. माझं मत स्पष्ट आहे: सांगावं. मात्र बैठकीत मामा-काकांसमोर नाही. साखरपुड्याआधी, दोघंच असताना. आणि पूर्ण सांगावं. मस्से झाले होते, उपचार घेतला, इतक्या महिन्यांत नवे आले नाहीत. विषाणू पूर्ण गेला असं प्रमाणपत्र देणारी रक्ततपासणी नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या कातडीतूनही लागण होते. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक लस ६, ११, १६, १८ या चारही प्रकारांवर आहे. समोरच्याने ती घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारता येतं. झालेले मस्से मात्र लसीने जात नाहीत. एवढं ऐकून समोरची व्यक्ती नाही म्हणाली, तर तो तिचा हक्क. मस्से दिसत असताना संबंध टाळावेत, हे लग्न झालेल्यांनाही लागू.

राहिला चुना. त्या नाजूक जागी तो कातडी भाजतो. तळपायाच्या कुरूपाचं औषधही तिथे लावू नका. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगावं, कारण मस्स्यांवरचं पोडोफायलिन तेव्हा वापरत नाहीत.