वायफायचं फर्मवेअर रोज 'फ्लॅश' होत नाही

'लिनक्स सुरू होताना ड्रायव्हर वायफाय कार्डाचं फर्मवेअर बदलतो. तेवढ्यात वीज गेली तर कार्ड कायमचं बाद,' असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. (फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण चालवणारा लिनक्समधला प्रोग्रॅम आणि 'फ्लॅश' करणं म्हणजे फर्मवेअर चिपमध्ये कायमचं लिहिणं.)

इंटेलच्या कार्डांचंच बघा. ड्रायव्हर 'लिब-फर्मवेअर' फोल्डरमधली फाइल कर्नलकडून (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) मागून घेतो आणि कार्डाच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, टाकतो. वीज गेली की रॅममधली ती प्रत पुसली जाते, पुढच्या वेळी पुन्हा चढते. बूट लॉगमधली (संगणक सुरू होतानाच्या नोंदींमधली) 'लोडेड फर्मवेअर' ही ओळ एवढंच सांगते. उगाच घाबरवणारी आहे खरी!

कायमस्वरूपी लिहिणं वेगळं. एसएसडी किंवा बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फ्लॅश मेमरीमध्ये नवं फर्मवेअर घालायचं काम सहसा 'एफडब्ल्यूअपडी'सारखं साधन वापरकर्त्याला विचारून करतं. चार्जर लावून ठेवा, तो सल्ला तिथला.