मानवी हक्क शिकायचे, पण सनद कुठली?

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या अनेक घरांत एक वाद सुरू होतो आणि फोनवरून तो ब्रिटनमधल्या नातेवाइकांपर्यंत पोचतो. मुलीला मानवी हक्कांचा कायदा शिकायचा आहे. कोणी म्हणतं, यात पैसा नाही, कॉर्पोरेट लॉ घे. कोणी म्हणतं, परदेशी पदवीवर ‘ह्यूमन राइट्स’ हे शब्द छापलेले असले की ती कुठेही चालेल. यातला दुसरा समज जास्त महागात पडतो, म्हणून आधी त्याबद्दल.

ब्रिटनमध्ये मानवी हक्कांसह एलएलबी ही पदवी खरोखर आहे, आणि कोल्चेस्टरच्या एसेक्स विद्यापीठाचं या विषयात मोठं नाव आहे. पण तीन वर्षांच्या ३६० क्रेडिटपैकी मोठा वाटा करार, टॉर्ट (दिवाणी नुकसानभरपाईचा कायदा), फौजदारी कायदा, जमीन, ट्रस्ट अशा मूळ विषयांचाच असतो. हक्कांचा जो भाग शिकवतात तो मुख्यतः १९५० चा मानवी हक्कांचा युरोपीय करार, तो राबवणारं स्ट्रासबर्गचं न्यायालय आणि ब्रिटनचा १९९८ चा मानवी हक्क कायदा यांवर उभा असतो. उत्तम अभ्यास आहे तो. मात्र शिवाजीनगरच्या कोर्टात उभं राहण्याची तयारी त्यातून होत नाही.

उभं राहायला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागते. बारावीनंतर थेट केलेली तीन वर्षांची परदेशी एलएलबी बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलीचं नियमन करणारी संस्था आपल्या पाच वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाही. परत आल्यावर ही तफावत भरून काढणारा ब्रिज कोर्स, मग परदेशी पदवीधरांसाठीची पात्रता परीक्षा, मग राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा, अशी रांग लागते. वाचवलेली दोन वर्षं तिथेच जातात. तिकडेच राहायचं म्हटलं तर सॉलिसिटर (तिकडचा वकील) होण्यासाठी एसक्यूई या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे, आणि विद्यार्थी असताना आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड पडतो तो वेगळा. हक्कांच्या क्षेत्रातल्या जागा मुळात थोड्या. कर्ज काढून या गणितात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पुण्यातली पाच वर्षं? १९२४ पासूनचं आयएलएस लॉ कॉलेज आहे, इतरही चांगली कॉलेजं आहेत, बहुतेक ठिकाणी प्रवेश सीईटीतून होतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार २० अनिवार्य विषय, ४ क्लिनिकल (प्रत्यक्ष सरावाचे) विषय आणि किमान ६ ऐच्छिक. मानवी हक्क ऐच्छिकांत येतात, म्हणून पालकांना वाटतं की इथे हा विषय नाहीच. खरं तर तो सगळीकडे पसरलेला आहे: घटनेच्या कलम २१, २२, ३२ आणि २२६ मध्ये, फौजदारी प्रक्रियेत, कामगार कायद्यात. नीलाबती बेहेरा खटला घ्या. ओडिशातल्या एका आईचा २२ वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. तिच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई दिली. भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना अशा भरपाईचा हक्क आपल्या कायद्यात नसल्याचं लिहून ठेवलं होतं, तरीही न्यायालयाने त्याच कराराच्या कलम ९(५) चा आधार घेतला. आंतरराष्ट्रीय कायदा पुण्याच्या वर्गात शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठला?

परदेशाकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. तिकडच्या चांगल्या लॉ क्लिनिकमध्ये विद्यार्थी खऱ्या माणसाची कागदपत्रं वाचतो, टिपण लिहितो आणि देखरेख करणारा वकील ते लाल शाईने रंगवून परत देतो. आपल्याकडे क्लिनिकल विषयांचे गुण अनेकदा मागच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरवलेल्या फाइलला मिळतात. याने फार नुकसान होतं.

मानवी हक्क आयोगाकडे कोठडीतल्या मारहाणीची तक्रार लिहायला सांगा. विद्यार्थी ‘अमानुष छळ’ असे चार परिच्छेद लिहितो आणि वेळ एकही लिहीत नाही. आयोग पोलिसांकडून अहवाल मागवतो, ‘पडून लागलं’ असं उत्तर येतं आणि तक्रारदाराच्या हातात खोडून काढायला काही नसतं. म्हणून पहिल्या पानावर तीन वेळांची नोंद हवी: माणसाला उचललं ती, अटक दाखवली ती, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं ती. पहिल्या दोन वेळांमधल्या अंतरातच बहुधा सगळं घडलेलं असतं, कारण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं २४ तासांचं घड्याळ कागदावर अटक दाखवल्यापासून चालवलं जातं. अटकेबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटक मेमोवर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी लागते. त्या नोंदी मागायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या निकालानुसार पोलिस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर ठेवायचं असतं, त्यासाठी लगेच लेखी अर्ज द्यायचा. आयोगाकडे जायची मुदतही घटनेपासून एक वर्षाचीच आहे. तक्रार मराठीत चालते, फी नाही. पण तीच तक्रार राज्य आयोगात प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही, हे न समजता लोक दोन्हीकडे पाठवतात.

येरवडा तुरुंगातल्या कच्च्या (खटला न संपलेल्या) कैद्यांचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटकेला पात्र ठरतो. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नको, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित नकोत. दिवस मोजायला बसले तर तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला मोठी मदत करू शकतात.

आणि यातलं जवळपास सगळं मराठीत असतं: फिर्याद, पंचनामा, जबाब, घाईत लिहिलेली पोलिस ठाण्याची दैनंदिनी. इंग्रजी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार मुलांना हे हस्ताक्षर लागत नाही, मग हायकोर्टासाठी त्याचं इंग्रजी कोण करणार? पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक जुना, नावं झाकलेला पंचनामा वाचून त्याचं भाषांतर करावं. मानवी हक्कांतली एलएलएम नंतर करता येते, एक वर्षाची, तिकडेही, आणि तेव्हा हातात सनद असते.