नागपूर निवृत्तीसाठी चांगलं, पण कितव्या वर्षापर्यंत?

दादा पुढच्या वर्षी पुण्यात निवृत्त होतोय आणि त्याला नागपूरला परतायचंय. यावरून घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो, नागपुरात आता नाही काय? मिहानला एम्स झालं, जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय आहे, मेट्रो आहे, समृद्धी आहे. पुण्याचा फ्लॅट विकला तर घर घेऊन वर पैसे उरतील. वहिनीचा प्रश्न एकच: मे महिन्याचं काय? मी जर्मनीत राहते, म्हणून दोघंही मला विचारतात, तिकडचे म्हातारे कसे राहतात ते तूच सांग.

माझं म्हणणं असं की दोघंही साठीतल्या धडधाकट माणसाचा हिशोब मांडताहेत. साठीत नागपूर उत्तमच आहे. सकाळी फुटाळा तलावावर फिरावं, येताना तर्री पोहे खावेत, दुपारी धरमपेठेत एखादं काम, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी चहा. पण हे सगळं गाडीवर चालतं. नागपूरचा माणूस चौकातून कोथिंबीर आणायलाही गाडी काढतो. ब्याऐंशीव्या वर्षी डोळे दगा देतात, मुलं म्हणतात बाबा आता गाडी नको, आणि त्या दिवसापासून तेच शहर वेगळं होतं. गाव निवृत्तीसाठी चांगलं की वाईट, हे त्या दिवसापासून मोजायला हवं.

लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकात काठी घेतलेल्या माणसाने रस्ता कसा ओलांडायचा? फुटपाथ असतो तिथे त्यावर गाड्या लावलेल्या असतात, ठेले असतात. सिमेंटचे रस्ते झाले, पण कित्येक जुन्या ले-आऊटमध्ये ते घरांच्या अंगणापेक्षा उंच झाले. पावसाचं पाणी आत येतं आणि फाटकाबाहेर पडतानाच एक पायरी चढावी लागते. मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहे, ही फार चांगली गोष्ट. पण घरापासून शंकरनगर स्टेशनपर्यंत पोचायचं कसं, आणि खापरीला उतरून एम्सच्या दारापर्यंत कसं, हा प्रश्न उरतोच. मी राहते तिथली बस थांब्यावर दाराच्या बाजूने खाली झुकते, म्हणून वॉकर घेतलेल्या आजी कुणाचा हात न धरता चढतात. यात श्रीमंतीपेक्षा म्हाताऱ्या माणसाचा विचार आधी झाला होता, हे महत्त्वाचं.

आता वहिनीचा मे महिना. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. पंचेचाळीसच्या वर पारा जाणं तर तिथे नवलाचं नाही. "कूलर आहे ना," असं सगळे म्हणतात. पण त्या कूलरची टाकी रोज भरायची कुणी, ताट्या बदलायच्या कुणी, लाइट गेली तर काय? दोन म्हातारी माणसं घरात असताना हा क्षुल्लक प्रश्न नाही. तळमजला सोयीचा म्हणावा, तर सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पहाटेच्या अंधारात वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. म्हणून घर घेताना नाल्यापासून लांब बघा आणि वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टला जनरेटर जोडलाय का ते विचारा.

तरीही माझ्या लेखी सगळ्यात मोठी उणीव उन्हाची नाही, घर आणि दवाखाना यांच्या मधल्या जागेची आहे. हाड मोडलं तर नागपुरात शस्त्रक्रिया चांगली होईल. पण घरी आल्यावर तीन महिने उठवायचं, आंघोळ घालायची कुणी? माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून देखभालीला मावशी मिळते. ती प्रेमळ असेल तर नशीब, नसेल तर महिन्याला नवी. तिचं प्रशिक्षण काय झालंय, हे तपासणारं कुणी नाही.

आपल्याकडे अजून समजतात की युरोपात आईवडिलांना वृद्धाश्रमात टाकतात. जर्मनीत २०२३ च्या अखेरीस सुमारे ५७ लाख लोकांना रोजच्या जगण्यात मदत लागत होती आणि त्यातल्या ८६ टक्क्यांची देखभाल घरीच होत होती, बहुतेकदा घरच्यांकडूनच. फरक असा की १९९५ पासून इथे शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. पगारातून त्याचा हप्ता कापला जातो, मूलबाळ नसलेल्यांना थोडा जास्तच. म्हातारपणी तपासनीस घरी येऊन बघतो, काय जमतं, काय नाही. त्यावरून पाचांपैकी एक श्रेणी ठरते आणि मग घरी मदतनीस येतो किंवा लेकसून सांभाळत असेल तर त्या म्हाताऱ्या माणसाला दरमहा पैसे मिळतात, जे तिला देता येतात. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, पण तो मुख्यतः मुलांकडून पोटगी मागण्याचा. सून नोकरी सोडून सासूचं करते, तेव्हा त्या कष्टांची नोंद कुठेच होत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

इथे सगळं छान आहे असं नाही. नर्सिंग होममध्ये राहायचं तर पदरचे महिन्याला तीन हजार युरोच्या आसपास जातात आणि माणसं मिळत नाहीत म्हणून शुश्रूषा घाईघाईत उरकली जाते. दार वाजवून "काकू, आज दिसल्या नाहीत" असं विचारणारं कुणी नसतं. बजाजनगर, खामल्याच्या जुन्या गल्ल्यांत ते अजून आहे. बेसा, मनीषनगरच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये ते आपोआप येत नाही, आणि स्वस्त घर नेमकं तिकडेच मिळतं.

म्हणून दादाला मी कळवलंय: पुण्याचा फ्लॅट आत्ता विकू नको. बजाजनगरात भाड्याने घर घे, एप्रिल ते सप्टेंबर राहून बघ, आणि गाडी पुण्यालाच ठेव. औषधं, बँक, भाजी, दवाखाना, सगळं पायी नाहीतर ऑटो-मेट्रोने कर. जमलं तर नागपुरात घर घे. वहिनीला सोबत घेऊनच ठरव, कारण तुझं करणारी तीच असेल, आणि तिचं कोण करणार हे अजून तुम्ही बोललेलाच नाहीत.