जो मोठ्याने मागतो त्याला आधी देऊ नका

कर्ज असलेल्या घरातला कमावता माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईला सगळे काटकसर शिकवायला लागतात. गॅस जपून वापर, मुलांचा क्लास बंद कर, टीव्हीचं रिचार्ज थांबव. मला याचा राग येतो आणि तो मी इथे मोकळेपणाने लिहिते आहे. एकटीने दोन मुलं वाढवणाऱ्या बाईला काटकसर शिकवावी लागत नाही. कुणाचं देणं आधी, कुणाचं नंतर, आणि कोणतं तिने द्यायचंच नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं असतं. ते कुणीच सांगत नाही. मग जो सगळ्यांत मोठ्याने मागतो, दारात येऊन उभा राहतो, त्याला आधी पैसे जातात आणि जूनमध्ये शाळेच्या फीसाठी नवं कर्ज काढावं लागतं.

मी नाशिकला सिडकोत राहते, अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. माझे यजमान वायरिंगची कामं घ्यायचे. ते गेले तेव्हा मुलगी सातवीत होती, मुलगा दुसरीत. माझा पगार हातात 26,000. देणी अशी: दोघांच्या नावावरचं घराचं कर्ज, त्यांच्या एकट्याच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज, एका पतसंस्थेचं कर्ज, माझं सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, मामेसासऱ्यांकडून हातउसने घेतलेले 50,000 आणि इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानातली उधारी.

तेराव्याच्या आतच फायनान्स कंपनीचा माणूस घरी आला. बोलायला गोड होता. म्हणाला, ताई, फक्त इथे सही करा, हप्ता कमी करून देतो, मुदत वाढवून देतो. घरातले मोठेही म्हणाले, करून टाक, माणसाच्या माघारी देणं ठेवू नये. मी सही केली नाही, कारण तो कागद मी पूर्ण वाचला. त्यात कर्जदार म्हणून माझं नाव होतं.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी एवढं नीट लक्षात ठेवा. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं कर्ज बायकोच्या अंगावर आपोआप येत नाही. त्याने जी मालमत्ता मागे ठेवली, त्यातून वारसांच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असते. तुमचा स्वतःचा पगार आणि तुमचं स्त्रीधन त्यात येत नाही. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, या आधारावर मुलांकडून वसुली करण्याची वाटसुद्धा 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी बंद केली. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली असेल तर मात्र ते कर्ज तुमचंच. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक कर्जाचा मूळ करारनामा मागवायचा आणि त्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघायचं. ते बघून होईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही आणि नव्या कागदावर सही करायची नाही.

मी करारनामा लेखी अर्ज करून मागितला, पोच घेतली. तो हातात आला तेव्हा कळलं की कर्ज देतानाच त्यातून विम्याचे पैसे कापून घेतलेले होते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं, असा तो विमा. कंपनीतून रोज फोन करणाऱ्या मुलाने त्याबद्दल एकदाही अवाक्षर काढलं नव्हतं. मी सही केली असती तर विम्याने फिटणारं कर्ज माझ्या पगारातून वर्षानुवर्षं गेलं असतं. मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा अर्ज दिला, मागे लागले, आणि ते कर्ज मिटलं. आजही हे लिहिताना हात थरथरतो. हिशेबात काम करणारी, चार कागद वाचू शकणारी बाई मी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून अशा किती सह्या घेतल्या गेल्या असतील?

वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. धमकावणं, नातेवाइकांसमोर अपमान करणं हेही चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 14448 वर चौकशी करता येते. बिनपरवाना सावकार असेल तर महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते.

दुसरं काम पासबुकांचं. यजमानांच्या बचत खात्यात दरवर्षी मे अखेरीला 436 रुपये वजा झालेले दिसले. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. त्यातून वारसाला 2 लाख मिळतात. कुठल्या तरी शिबिरात त्यांनी तो अर्ज भरला असेल, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 20 रुपये वजा झालेले दिसले तर तो अपघात विमा. नवरा नोकरीत होता आणि पीएफ कापला जात होता, तर पीएफबरोबर ईडीएलआय हा विमाही असतो. तो 7 लाखांपर्यंत जाऊ शकतो आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलेलं नसतं, म्हणून बायकांना त्याचा पत्ताच नसतो. शिवाय विधवा पेन्शन आणि दोन मुलांचं पेन्शन वेगळं. पीएफच्या पैशाला कर्जापोटी जप्ती लागत नाही. कुणी म्हटलं की पीएफ आला की आमचं भागवा, तर हे सांगा.

ते 2 लाख येणार हे कळल्यावर सगळ्यांची नजर त्यावर गेली. दुकानदार आला, मामेसासरे आले, दीर म्हणाले घराच्या कर्जात भरून टाक. मी त्यातले 80,000 वेगळ्या खात्यात टाकले आणि ते मुलांचे म्हणून ठेवले. एका पगारावरच्या घरात बाई महिनाभर आजारी पडली तर दुसरा पगार नसतो. हाताशी काही महिन्यांचा किराणा आणि हप्ते नसतील तर कर्ज फेडणं म्हणजे एक देणं मिटवून त्याहून महाग दुसरं घेणं. लोक याला आपमतलबीपणा म्हणाले. मला तसं अजिबात वाटत नाही.

पतसंस्थेचं कर्ज कायद्याने माझं नव्हतं. त्यावर माझी सही नव्हती. पण दोन जामीनदार होते, दोघंही यजमानांच्या बरोबर कामं करणारे, लेकुरवाळे. मी हात वर केले असते तर त्यांच्याकडून वसुली झाली असती. ते कर्ज मी फेडलं, जामीनदारांना आधी सांगून आणि पतसंस्थेकडून हप्ता लेखी ठरवून घेऊन. मामेसासऱ्यांच्या 50,000 ला कसलाच कागद नव्हता, पण ते दोन दिवाळ्यांत देईन असं मी म्हणाले आणि दिले. कायदा काय म्हणतो ते माहीत असावं, म्हणजे आपण देतोय ते घाबरून नाही, ठरवून देतोय हे मनाला कळतं. त्या दोन्ही देण्यांचं मला कधी ओझं वाटलं नाही.

आता सोन्याचं. यावर माझं मत ऐकून माझ्या आईने चार दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. गहाण सोन्यावर दीड टक्का महिना व्याज चालू होतं. 90,000 वर महिन्याला 1,350 रुपये, आणि ते भरूनही मुद्दल तसंच. आपल्याकडे सोनं मोडणं म्हणजे घराची लक्ष्मी घालवणं असं मानतात, म्हणून बायका वर्षानुवर्षं व्याज भरतात आणि शेवटी एखाद्या वर्षी ते थकलं की लिलावाची नोटीस येते. मी विम्याच्या पैशातून सोनं सोडवलं, त्याच आठवड्यात पाटल्या मोडल्या आणि ते पैसे परत खात्यात भरले. मंगळसूत्र आणि मुलीसाठी ठेवलेल्या बांगड्या घरात आहेत. दरमहा 1,350 वाचले, त्यात मुलाच्या व्हॅनचे पैसे निघाले. ज्या सोन्याचं व्याज पगारातून झेपत नाही ते विका. घासाघीस करून, दोन सराफांकडे दाखवून, वजन आपल्यासमोर करून घेऊन विका, पण विका.

व्याजाचा दर विचारताना एक प्रश्न नक्की विचारा: हा दर उरलेल्या रकमेवर आहे की सुरुवातीच्या रकमेवर? 50,000 रुपये दोन वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट दराने, म्हणजे सुरुवातीच्या रकमेवर, घेतले तर व्याज 12,000 आणि हप्ता 2,583. ऐकायला 12, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असल्याने खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरत राहिलात तर वर्षाला 36 ते 42 टक्के. जास्तीचे पैसे हाती आले की ते सगळ्यांत महाग कर्जात घाला. घराच्या कर्जाला घाई नको.

महिन्याच्या हिशेबाबद्दल एकच सांगते, कारण बाकी सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. वर्षातून एकदा येणारे खर्च लिहून काढा: फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, घरपट्टी, गाडीचा विमा, दिवाळी, गावची जत्रा, एखादं आजारपण. बेरीज करून तिला 12 ने भागा आणि पगाराच्या दिवशी तेवढे बाजूला काढा. माझी बेरीज 60,000 निघाली, म्हणजे महिन्याला 5,000. आधी हे आकडे कागदावर नव्हते, म्हणून प्रत्येक जून संकटासारखा यायचा. बचत गटाचं कर्जही मी घेतलं आहे आणि गटाने मला सांभाळलं आहे, पण एका गटाचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरणाऱ्या बायका मी आमच्याच गल्लीत बघते. लघुवित्त कर्ज, म्हणजे विनातारण छोटं कर्ज, देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. कंपनीने तो पाळला नाही तरी तुम्ही तो स्वतःसाठी पाळा.

मुलांना कळू देऊ नकोस, असं मला खूप जणींनी सांगितलं. मी मुलीला सगळं सांगितलं. किती देणं आहे, कधी फिटेल, सहलीला यंदा का नाही. मुलांना न सांगितलेल्या गोष्टींची भीती जास्त वाटते हे मी माझ्या घरात पाहिलं. आता दर महिन्याची वही तीच लिहिते.

ज्यांचा नवरा हयात आहे पण सोडून गेला आहे, त्यांनी पोटगीचा अर्ज लांबवू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. भांडण मिटेल या आशेवर गेलेले महिने भरून निघत नाहीत. एकट्या पालकाच्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, ती आईसाठी आहे तशी एकट्या बापासाठीही आहे. आमच्या ओळखीतल्या एका विधुर रिक्षावाल्या दादांना हे माहीतच नव्हतं, कारण बायकांच्या कार्यालयात जायला त्यांना संकोच वाटत होता. दादा लोकांनो, जा.

माझं घराचं कर्ज अजून चालू आहे आणि बरीच वर्षं चालेल. बाकी सगळी मिटली, प्रत्येकाचा बेबाकी दाखला फाईलमध्ये आहे. कुणाला करारनाम्यावर नक्की कुणाची सही आहे, विमा कापला आहे का, हे बघून हवं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. रविवारी दुपारी मी मोकळी असते. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक झाकून फोटो पाठवा. आणि मी बघेपर्यंत कशावरही सही करू नका.